प्रूफला गेलेली बंदूक

आमच्या ह्यांना बंदुकीची भीती वाटायची. लायसन मात्र ह्यांच्याच नावावर होतं.

बंदूक सासऱ्यांकडून आलेली, आणि सासऱ्यांना त्यांच्या आजोबांकडून. ते आजोबा संस्थानच्या रिसाल्यात होते. नोकरी संपली तेव्हा त्यांना ही दोन नळ्यांची, बारा बोअरची बंदूक बक्षीस मिळाली. त्यानंतर घराण्यात कुणी घोड्यावर बसलं नाही. एक पटवारी झाला, एक शाळेत मास्तर झाला, आणि आमचे हे इंदूरच्या कापड मिलमध्ये फोल्डिंग खात्यात लागले. तयार झालेलं कापड उजेडासमोरून सरकत जायचं आणि हे त्यात दोष शोधायचे. तुटलेला धागा, सुटलेला धागा, तेलाचा डाग. सव्वीस वर्षं त्यांनी हेच केलं.

बंदूक कपाटावर खाकी गवसणीत पडून असायची. दर तीन वर्षांनी लायसनच्या नूतनीकरणासाठी तिला ठाण्यात दाखवून आणायचं, आणि दर खंडेनवमीला तिची पूजा करायची. पूजा मी करायची. गंध, हळदकुंकू, झेंडूचं फूल, वर अक्षता. हे नमस्कार करायचे तो दस्त्याच्या बाजूने, अंग चोरून. "तिचं तोंड तिकडे कर," असं दरवर्षी म्हणायचे. मी तोंड तिकडे करायची. तिकडे शेजाऱ्यांची भिंत होती, पण ते त्यांना चालायचं.

मग मिल बंद झाली. एका दिवसात नाही झाली. आधी एक पाळी गेली, मग दुसरी, मग भोंगा वाजेनासा झाला, मग गेटवर नोटीस लागली. हे तरीही सकाळी सहाला उठायचे, डबा न घेता गेटपर्यंत जायचे, नोटीस वाचायचे आणि परत यायचे. नोटीस रोज तीच असायची. पण हे ती वरपासून खालपर्यंत वाचून यायचे. मी एकदा विचारलं, "काय बदललं का त्यात?" तर म्हणाले, "नाही. पण 'उक्त' शब्द दोनदा आलाय, एकदा चुकीचा."

घरी बसले की घरातलं कापड तपासायचे. चादर, पडदे, माझ्या साडीचा काठ. शेजारणीने पापड झाकायला आणलेल्या धोतराला ह्यांनी तीन दोष काढून दाखवले तेव्हा ती बिचारी धोतर घेऊन निघूनच गेली. मी मनात म्हटलं, ह्यांना काहीतरी काम मिळालं पाहिजे, नाहीतर नंदानगरात आपल्याकडे कुणी यायचं नाही.

काम मिलच्याच एका सोबत्याने सांगितलं. पलासियाला नव्या इमारतीच्या तळघरात लोकांना दागिने ठेवायला लॉकर देणारी खाजगी कंपनी उघडत होती. तिला गनमॅन पाहिजे होता. वर्दी कंपनीची, बंदूक स्वतःची. ज्याच्याकडे लायसनची बंदूक, त्यालाच नोकरी.

"मी?" हे म्हणाले. "मी गनमॅन?"

"बंदूक तर आहे ना," मी म्हटलं.

मुलाखतीला मीही गेले, कारण हे विचारल्यापेक्षा जास्त खरं बोलतात. मॅनेजर तरुण होता. टाय लावलेला, टेबलावर दोन टेलिफोन, त्यांतला एक अजून जोडलेला नव्हता. त्याने लायसनचं पुस्तक उलटसुलट पाहिलं.

"कभी चलाई है?"

"जी नहीं," हे म्हणाले.

"पिताजी ने?"

"जी नहीं. दादाजी ने भी नहीं."

मी लायसनचं पुस्तक परत घ्यायला हात पुढे केला. पण मॅनेजर खूष झाला. "बढ़िया. बीमा वाले यही पसंद करते हैं. चलाने वाला गनमैन उनको रिस्क लगता है." मग त्याने एक छापील फॉर्म काढला आणि बोट ठेवलं. "बस, वेपन का प्रूफ सर्टिफिकेट चाहिए."

प्रूफ म्हणजे काय, ते आम्हाला बंदुकांच्या दुकानात कळलं. दुकानाचे मालक म्हातारे होते. पांढरी दाढी, सोनेरी काठाची टोपी, आणि सगळं शांतपणे सांगायची सवय. सगळे त्यांना चाचा म्हणायचे, आम्हीही म्हणू लागलो. त्यांनी बंदूक मोडून नळ्या वेगळ्या केल्या, उलट्या धरल्या आणि चष्मा वर करून खालची बाजू पाहिली.

"मोहर नहीं है," ते म्हणाले. "रियासत के कारखाने में बनी है. उस ज़माने में महाराज की बात ही मोहर थी."

मग त्यांनी समजावलं. बंदूक बंगालमध्ये सरकारी तपासणीला पाठवायची. तिथे तिच्यात नेहमीपेक्षा जास्त दारू भरलेलं काडतूस घालतात आणि लांबून दोरीने चाप ओढतात. नळी टिकली तर तिच्यावर मोहर ठोकतात.

"आणि नाही टिकली तर?" मी विचारलं.

"तो टुकड़े आएंगे. लेकिन भाभीजी, रसीद दोनों सूरत में मिलती है."

पाठवण्याआधी बंदूक आतून स्वच्छ पाहिजे, ही मालकाची जबाबदारी. चाचांच्या मिस्त्रीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, त्यामुळे काम आमच्यावरच आलं. चाचांनी एक लांब गज दिला, त्याच्या टोकाला लावायचा पितळी ब्रश दिला, आणि कसं करायचं ते दाखवलं. आधी रॉकेल, मग ब्रश, मग चिंध्या, शेवटी नळी उजेडाकडे धरून आत पाहायचं. "आँख से देखो तो गोल-गोल चमकना चाहिए," चाचा म्हणाले.

नळीत डोळा घालून पाहायचं म्हटल्यावर हे दोन पावलं मागे सरकले. मग मीच बसले.

रविवारी दुपारी अंगणात पोतं पसरलं. उजव्या नळीत गज घातला तर तो अर्ध्यावर अडला. रॉकेल ओतलं, थोडा वेळ थांबले आणि जोर लावला. चकली सोऱ्यातून बाहेर यावी तसं पलीकडून काहीतरी काळं, लांबुळकं यायला लागलं. मी ते बोटाने फोडून पाहिलं. तांदूळ होते. अक्षता. अठरा वर्षं मी टाकलेल्या, त्याआधी सासूबाईंनी टाकलेल्या, त्याआधी कुणी कुणी टाकलेल्या, तेलात बसून घट्ट झालेल्या. मधून एक सुकलेलं आपट्याचं पानही निघालं. डाव्या नळीत कुंभारीण माशीने मातीचं घर केलं होतं, एकावर एक पाच खोल्यांचं, सुबक.

मी कपाळाला हात लावला. "अहो, ही चुकून उडाली असती तर?"

हे जरा लांब खुर्चीवर बसले होते. त्यांनी विचार केला आणि म्हणाले, "उजवी नळी उडाली असती तर समोरच्याचं लग्न लागलं असतं."

मिल बंद झाल्यापासून ह्यांनी केलेला तो पहिला विनोद. मी इतकी हसले की गज हातातून पडला. मग तेही हसले, आणि खुर्ची थोडी जवळ आली.

चिंध्यांची वेळ आली तेव्हा खुर्ची अगदीच जवळ आली. मी जुना पेटीकोट फाडत होते. हे म्हणाले, "थांब. त्याची लव सुटते. आत तंतू राहतील." उठून आत गेले आणि मिलमधले नमुन्याचे तुकडे ठेवलेली पेटी घेऊन आले. धागे मोजायचं छोटं भिंग खिशातून काढलं. मग एकेक तुकडा उजेडासमोर धरून तपासायला लागले. पॉपलिन बाजूला. लाँगक्लॉथ बाजूला. केंब्रिकच्या एका तुकड्यावर पाच मिनिटं थांबले आणि मला दिला. "हा पास."

तो तुकडा मी नळीतून फिरवला तेव्हा कोळशासारखा काळा होऊन बाहेर आला. ह्यांना वाईट वाटलेलं दिसलं. पण पुढचा तुकडा त्यांनी तितक्याच काळजीने निवडला. संध्याकाळपर्यंत आमचं असंच चाललं. ते कापड पास करायचे, मी ते काळं करायची. शेवटचा तुकडा पांढरा निघाला तेव्हा मी नळी उजेडाकडे धरली. आत एकापलीकडे एक चकचकीत वर्तुळं दिसत होती, पार दुसऱ्या टोकाच्या आभाळापर्यंत. मी ह्यांना बोलावलं. "नको, तूच बघ," ते म्हणाले.

मला इतका आनंद झाला होता की मी नळ्यांना आतून बाहेरून शिलाई मशीनचं तेल पाजलं. चांगलं वाटीभर. लेकीला नाहायला घालण्याआधी तेल लावतात तसं.

बंदूक लाकडी खोक्यात बंद होऊन गेली. ती नेण्याची परवानगी काढायला कलेक्टर कचेरीत गेलो, तर तिथल्या बाबूने विचारलं, "बंदूक जा रही है तो आप क्यों नहीं जा रहे? लाइसेंस में तो दोनों साथ हैं." ह्यांनी त्यावर खरंच विचार केला. मी कोपराने ढोसलं तेव्हा चाचांनी पुढे होऊन आपलं दुकानाचं लायसन दाखवलं आणि सुटलो.

आता प्रश्न असा आला की लॉकर कंपनी सोमवारी उघडत होती, आणि गनमॅनची गन बंगालच्या वाटेवर होती.

मॅनेजर म्हणाला, "पेपर में छप गया है कि सशस्त्र पहरा है. आप खड़े तो रहो. खाली कवर लेकर खड़े रहो. अंदर क्या है, कौन देखता है?"

रिकामी गवसणी काखेत धरली की मधूनच वाकायची. बघवत नव्हतं. शेवटी मी मच्छरदाणीच्या चार काठ्या सोडवल्या, त्यांच्याभोवती जुनी गोधडी गुंडाळली, आणि दस्त्याच्या जागी पोळपाट घालणार होते, पण हे नको म्हणाले. उशी घातली. छान आकार आला. रात्री मच्छरदाणीचे दोन कोपरे खिळ्याला बांधायचो, दोन हवेत. डास अर्ध्या बाजूने यायचे.

पहिल्या दिवशी संध्याकाळी हे घरी आले ते तोंड पाडूनच.

"काय झालं? कुणी ओळखलं?"

"नाही ना," ते म्हणाले. "सव्वीस वर्षांत मी खराब कापड एकदाही पास केलं नाही. आणि आता दिवसभर गोधडी काखेत घेऊन उभा आहे. हे काही बरोबर नाही."

"मग?"

"मी ठरवलंय. जो विचारेल त्याला खरं सांगायचं."

मला वाटलं, संपली नोकरी. दुसऱ्या दिवशी सकाळी मी टेम्पोने मुद्दाम पलासियाला गेले आणि समोरच्या पोह्यांच्या गाडीपाशी उभी राहिले. थोड्या वेळाने एक जाडे गृहस्थ बायकोला घेऊन आले. हातात दागिन्यांचा डबा. त्यांनी ह्यांच्या काखेकडे पाहिलं.

"क्यों भिया, दोनाली है?"

"जी नहीं," हे म्हणाले. "इसमें मच्छरदानी के डंडे हैं. बंदूक टेस्ट को गई है."

गृहस्थ गडगडाटी हसले. "वा भिया! आदमी तेज़ है." बायकोला म्हणाले, "देखा? असली वाले कभी बताते नहीं." आणि डबा घेऊन निर्धास्त खाली उतरले.

मग रोज तेच. हे सगळ्यांना खरं सांगायचे, आणि जितकं खरं सांगायचे तितका लोकांचा विश्वास वाढायचा. कुणी म्हणायचं, हा आधी फौजेत असणार, चेहरा बघा कसा हलत नाही. एक आजीबाई नातवाला ओढून दूर घ्यायच्या, "उधर मत जा, भरी हुई होगी." ह्यांनी त्यांना एकदा गवसणीच्या तोंडातून गोधडीचा कोपरा काढून दाखवला. आजीबाई म्हणाल्या, "हाँ बेटा, ठंड में लपेटके ही रखना चाहिए."

हे घरी येऊन मला सांगायचे आणि डोक्याला हात लावून बसायचे. "अगं, कुणी मानायलाच तयार नाही. मी करू तरी काय?"

"डास मारा," मी म्हणायची.

महिन्याभराने चाचांचा निरोप आला. बंदूक परत आली होती. मोहरही नाही, तुकडेही नाहीत. सोबत एक चिठ्ठी होती. चाचांनी ती वाचून दाखवली आणि मला विचारलं, "भाभीजी, आपने इसमें पकौड़े तले थे क्या?"

नळ्यांमध्ये तेल सापडलं म्हणून त्यांनी चाचणीच केली नव्हती. चाचांनी समजावलं तेव्हा मला पटलं. काडतूस उडतं तेव्हा त्याचं कवच फुगून नळीच्या भिंतीला धरून बसतं. भिंतीला तेल असलं तर ते धरू शकत नाही, आणि सगळा धक्का मागे येतो, बंदुकीच्या सांध्यावर. म्हणजे मी मायेने लावलेल्या तेलाने तिचे तुकडे झाले असते. ठेवणीत राहणाऱ्या बंदुकीला तेलाचा हलका हात पाहिजे. चाचणीला जाणारी मात्र आतून कोरडी ठणठणीत पाहिजे.

ठणठणीत कोरडी करणं हे तेल लावण्यापेक्षा फार कठीण निघालं. तेल कोपऱ्यात लपतं, सांध्यात लपतं, आणि आपण पुसून ठेवलं की रात्रीतून परत पसरतं. चार दिवस आम्ही रोज पुसत होतो. ह्यांनी केंब्रिकचे तुकडे इस्त्री करून दिले. मी तुकडा फिरवायची, हे तो भिंगाखाली धरायचे, "एक डाग," म्हणायचे, आणि पुन्हा. पाचव्या दिवशी त्यांनी तुकडा खूप वेळ पाहिला, मग दुमडून खिशात ठेवला. "आता पाठव."

बंदूक दुसऱ्यांदा गेली, आणि त्याच आठवड्यात विम्याचे साहेब पाहणीला आले. हा भाग मला ह्यांनी सांगितला तसा सांगते.

साहेबांच्या हातात पुठ्ठ्याला लावलेला फॉर्म होता. ते एकेका ओळीवर टिक करत चालले होते. ह्यांच्यासमोर आले आणि म्हणाले, "वेपन दिखाइए."

मॅनेजरच्या कपाळावर घाम आला. ह्यांनी गवसणीचे बंद सोडले. गोधडी काढली, उशी काढली आणि चारही काठ्या टेबलावर एका रांगेत मांडल्या.

"ये क्या है?"

"मच्छरदानी के डंडे हैं, साहब. मैं सबको बता रहा हूँ, कोई मानता नहीं."

"और बंदूक?"

ह्यांनी चाचांनी दिलेली पावती पुढे केली. साहेबांनी पावती वाचली, फॉर्म वाचला, परत पावती वाचली. मग म्हणाले, "फॉर्म में लिखा है, वेपन टेस्टेड या अंडर टेस्ट. ये अंडर टेस्ट है. ठीक है." आणि टिक केली. मॅनेजरने श्वास सोडला. तेवढ्यात साहेब काठ्यांकडे बोट दाखवून म्हणाले, "लेकिन ये डंडे पॉलिसी में नहीं हैं. इनको हटाना पड़ेगा. इनसे किसी को चोट लग गई तो कंपनी ज़िम्मेदार नहीं."

अशा रीतीने आमच्या काठ्या घरी परत आल्या आणि मच्छरदाणीला चार कोपरे झाले. पुढचे दीड महिने हे पावती घेऊन उभे राहिले. मॅनेजरने ती प्लास्टिकमध्ये घालून दिली होती, नाडीने गळ्यात अडकवायला. लोक वाकून वाचायचे आणि आदराने मागे सरकायचे. ह्यांना मात्र पहिल्यांदाच बरं वाटलं. "पावती खरी आहे," ते म्हणायचे.

मग एक दिवस खोकं आलं.

चाचांनी ते आमच्यासमोर उघडलं. नळ्यांच्या पोटाशी दोन छोट्या मोहरा ठोकलेल्या होत्या, ताज्या, आत चकचकीत धातू दिसत होता. दोन्ही नळ्या टिकल्या होत्या. चाचांनी नळीला नाक लावलं आणि घाईने म्हणाले, "आज के आज साफ़ करो. दागके वैसे ही भेज दी है. दस-बारह दिन रेल में रही. ये कालिख नमी पीती है, फिर लोहा खाती है."

घरी आणून मी गवसणी सोडली तर खोलीभर वास पसरला, दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीत असतो तसा. इतक्या पिढ्या ती बंदूक घरात होती आणि तिला कधी बंदुकीचा वास आला नव्हता. हे दारात थांबले. "म्हणजे उडाली ती," म्हणाले, जसं काही आत्ताच खात्री पटली.

चाचांनी सांगितलं होतं की आधी उकळतं पाणी. मी नळ्या न्हाणीत उभ्या धरल्या, कपडा गुंडाळून, कारण लोखंड लगेच तापतं. "धरायला हवं कुणीतरी," मी म्हटलं. "माझ्याच्याने किटली आणि नळ्या दोन्ही होणार नाही."

हे आले. दोन्ही हातांनी नळ्या धरल्या, तोंड बाजूला करून. मी नरसाळ्यातून पाणी ओतलं. खालून शाईसारखं काळं पाणी वाहिलं, मग राखाडी, मग गढूळ, मग साधं. गरम लोखंड आपोआप सुकलं. मग गज, मग ब्रश, मग केंब्रिक. ह्या वेळी ह्यांनी मला गज देऊच दिला नाही. स्वतः फिरवला. तुकडा माझ्याकडे दिला.

"पास?" त्यांनी विचारलं.

मी त्यांचंच भिंग लावून पाहिलं. "नापास."

पुन्हा फिरवला. "आता?"

"कडेला बघा. नापास."

सात-आठ वेळा मी त्यांना परत पाठवलं. ते एकदाही चिडले नाहीत. शेवटी तुकडा स्वच्छ निघाला तेव्हा मी नळ्या त्यांच्या हातात दिल्या आणि खिडकीकडे बोट केलं. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, मग नळ्या उचलून डोळ्याला लावल्या. इतका वेळ पाहत राहिले की मला वाटलं काहीतरी राहिलंय.

"काय दिसतंय?"

"काही नाही," ते म्हणाले. "एकही दोष नाही."

त्या दिवशी तेलाचा हात मी हलकाच दिला.

दुसऱ्या दिवसापासून हे खऱ्या बंदुकीसह उभे राहिले. काडतुसं मॅनेजरच्या खणात होती, खणाला कुलूप होतं, किल्ली मॅनेजरकडे आणि मॅनेजर महिन्यातले वीस दिवस दौऱ्यावर. कुणी विचारलं तर हे तेही खरंच सांगायचे. पण आता बंदूक उघडी दिसत होती, त्यामुळे कुणी विचारतच नव्हतं. आजीबाईसुद्धा लांबून जायच्या. ह्यांना करमेना.

वर्षभराने कंपनी विजय नगरला मोठ्या जागेत गेली. तिथे विजेचा भोंगा बसवला, आणि गनमॅनची गरज संपली. ह्यांना मॅनेजरने काढलं नाही. लॉकर उघडायला येणाऱ्यांची सही नमुन्याच्या सहीशी जुळते का, ते बघायला बसवलं. ह्यांनी पहिल्याच महिन्यात मॅनेजरची स्वतःची सही नापास केली. निवृत्तीपर्यंत ते त्याच खुर्चीवर होते.

बंदूक पुन्हा कपाटावर गेली. खंडेनवमीला मी आता तिच्या नळ्यांना कागदाचे बोळे लावते, मग अक्षता.

आणि माझं असं झालं की चाचांनी मला दुकानात बोलावलं. एकेक मिल बंद होत होती, आणि ज्यांच्या घरी आज्यापणज्याची बंदूक होती ते सगळे गनमॅन व्हायला निघाले होते. सगळ्यांना मोहर पाहिजे होती. मिस्त्रीचे डोळे काही सुधारले नाहीत. "भाभीजी, आपका हाथ अच्छा है," चाचा म्हणाले. "बस पकौड़े मत तलना." दुकानाच्या मागच्या खोलीत खिडकीपाशी मला टेबल दिलं. सुरुवातीला गिऱ्हाइकं दार उघडून बाई दिसली की दार लावून घ्यायची. चाचा त्यांना परत पाठवायचे, "वही हैं मिस्त्री." मी तिथे अकरा वर्षं काम केलं. चिंध्या घरून यायच्या, इस्त्री करून.

लोक बंदुकीबद्दल फार खोटं बोलतात, हे मला तिथे कळलं. एकदा गौतमपुऱ्याचा एक माणूस वडिलांची एकनाळी घेऊन आला आणि टेबलासमोरच बसला. म्हणाला, "बाईजी, ये कभी चली ही नहीं. पूजा की है. ऊपर-ऊपर से पोंछ दो."

मी उकळतं पाणी ओतलं. काळं आलं. पहिली चिंधी काळी, दुसरी काळी. तो खिडकीबाहेर बघत होता. पाचव्या चिंधीला म्हणाला, "एक बार चली थी. भाई की शादी में."

मी ती काळी चिंधी त्याच्यासमोर ठेवली.

"दो बार," तो म्हणाला.

मी सहावी चिंधी घेतली.